बांधावरची चाल

श्री

भाईंदर, ता. १५ जानेवारी १९३९

तीर्थरूप गोवर्धनकाकांच्या सेवेशी,

ज्या पायांचे दर्शन लहानपणानंतर घडले नाही, त्या पायांवर इथूनच डोके ठेवून सुभद्रेचा सा. न. वि. वि.

अक्षर अनोळखी पाहून आपण बुचकळ्यात पडाल, म्हणून आधी ओळख सांगते. मी आपले थोरले बंधू काळूराम यांची मुलगी. आपण नाटक मंडळीबरोबर गेलात तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता येथील मुलींच्या मराठी शाळेत शिकवते. फायनलच्या परीक्षेत मी केंद्रात पहिली आले, तेव्हा वडिलांनी मिठागरावरच्या सगळ्या माणसांना पेढे वाटले आणि मला मात्र एवढेच म्हणाले की, आता चष्मा लागेल. तो लागलाही.

शाळेत येणाऱ्या एका साप्ताहिकात 'गोवर्धन भाईंदरकर' या नटाची स्तुती वाचली. एका बोलपटात त्यांनी दोनच मिनिटे वृद्ध पुजाऱ्याचे काम केले, पण घरी जाताना प्रेक्षकांच्या ध्यानात पुजारीच राहिला, असे लिहिले होते. गावाचे नाव आडनावासारखे लावणारा हा नट कोण, हे मला विचारावे लागले नाही. मी तो मजकूर आजीला वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला, आणि मग तो मेला जेवतो कुठे हे त्यात छापलंय का, असे विचारले.

काका, स्पष्ट लिहिते, कारण समोरासमोर मला कुणाशीच धड बोलता येत नाही. आजी थकली आहे. आपल्याला एकदा पाहावे, एवढीच तिची इच्छा आहे. वडील मात्र आपले नाव काढू देत नाहीत. जो बापाच्या दिवसांना आला नाही त्याने या बांधावर पाय ठेवायचा नाही, असे ते आजोबा गेले तेव्हा म्हणाले आणि अजूनही तेच म्हणतात. यातून वाट कशी काढावी, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवावे. लिहिण्यात आगळीक झाली असल्यास लेकराची म्हणून पोटात घालावी.

आपली,
सुभद्रा

श्री

पुणे, ता. २ फेब्रुवारी १९३९

चि. सुभद्रेस,

पडद्यामागे वाढलेल्या, पडद्यापुढे उभ्या राहिलेल्या आणि हल्ली पडद्यावर हलणाऱ्या काकाचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझे पत्र स्टुडिओच्या दरवानाने दिले तेव्हा मी तोंडाला दाढी चिकटवून बसलो होतो. वाचता वाचता डिंक सुटला आणि रंगवाला माझ्यावर ओरडला. चूक तुझी, बोलणी मी खाल्ली. तू पहिली आलीस हे वाचून मात्र मी त्याच अर्ध्या दाढीने सगळ्यांना सांगत फिरलो. माझ्या घराण्यात चष्मा लागलेले हे पहिलेच माणूस, असेही सांगितले.

बाबा गेल्याची तार आमच्या मंडळीच्या मागून जळगाव, अकोला, अमरावती अशी फिरत राहिली. माझ्या हाती आली तेव्हा तेरावाही उलटून गेला होता. मी दादाला तसे लिहिले. पत्र न फोडता परत आले. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. ज्याने एकट्याने सगळे केले त्याला तारेची हकीकत काय सांगायची? पण दादाचा शब्द आल्याशिवाय मी येणार नाही. आयेला भेटायला चोरासारखे मागच्या दाराने यायचे, हे तिलाही शोभणार नाही.

माझे काम काय असते, असे तू विचारले नाहीस. तरी सांगतो, कारण शिक्षकिणीपुढे धडा म्हणण्याची संधी पुन्हा कधी येणार! मंडळीत गेलो तो पडदा ओढायला. मग एकदा वृद्ध प्रधानाचे काम करणारे गृहस्थ तापाने पडले. त्यांची नक्कल, म्हणजे त्या कामाची सगळी भाषणे, मला ऐकून ऐकून पाठ होती. दाढी लावली, उभा राहिलो, आणि तेव्हापासून मी म्हातारा आहे. ऋषी, कारभारी, राजाचा सासरा, नायिकेचा आजोबा, सगळे मीच. नायकांची पोटे सुटली, नायिका होणाऱ्या मुलांचे आवाज फुटले, पण म्हाताऱ्याचे काम करणाऱ्याला वयाची भीती नसते. उलट दरवर्षी रंग थोडा कमी लागतो.

मग बोलपट आले आणि आमची मंडळी मोडली. इकडे पहिल्या दिवशी मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोललो. आवाज टिपणाऱ्याने कानावरचे यंत्र उपटून काढले आणि मला विचारले की, तुम्ही कोणाला हाक मारताय, मुंबईला काय? दिग्दर्शक भला माणूस. तो म्हणाला की, कॅमेरा हातभर अंतरावर आहे, त्याला खोटे लगेच दिसते. तुम्ही पाठ वाकवता, हात कापवता, पण मला नुसती चालणारी दाढी दिसते आहे, माणूस दिसत नाही. बारा वर्षांचा माझा सगळा म्हातारपणा त्याने असा दोन वाक्यांत धुऊन टाकला. तेव्हापासून मी माणूस शोधतो आहे. आता एका विनोदी चित्रात मोठे काम मिळाले आहे. लग्नात पावलोपावली रुसणाऱ्या व्याह्याचे. तो अजून सापडलेला नाही.

आयेला सांग, खानावळीत जेवतो, बरे असते. त्यातले 'बरे असते' हे खोटे आहे, पण सांग. आणि लिहीत जा. तुझे वळणदार अक्षर पाहिले की मला माझे केस विंचरावेसे वाटतात.

तुझा,
गोवर्धनकाका

श्री

भाईंदर, ता. ६ मे १९४०

ती. गोवर्धनकाकांस सुभद्रेचा सा. न. वि. वि.

हे पत्र कसे लिहावे हे कळत नाही, म्हणून जसे घडले तसेच सांगते.

मीठ ओढण्याचे दिवस संपत आले, माणसांच्या हातात मजुरी आली आणि नेहमीप्रमाणे खाडीकाठच्या मोकळ्या जागेत बोलपटाचा तंबू लागला. यंदा त्याने आपले 'व्याह्याचा रुसवा' आणले. मिठागरावरच्या माणसांनी वडिलांना आग्रह केला, आणि जन्मात तंबूत न गेलेले वडील चक्क निघाले. मी मनातून हरखले. पाहिल्यावर त्यांचे मन वळेल, अशी मला खात्री होती. मी माझी शाळेतली मैत्रीण, उत्तनची लुईझा, हिच्याबरोबर दोरीच्या अलीकडे बायकांत बसले होते.

मग पडद्यावरच्या लग्नमांडवात आपण आलात. काका, मांडव केवढा रुंद, गालिचे अंथरलेले, आणि त्यावरून तो श्रीमंत व्याही एका पावलापुढे सरळ रेषेत दुसरे पाऊल ठेवत, दोन्ही हात अंगापासून किंचित दूर धरून चालत आला. जणू दोन्ही बाजूंना पाणी आहे! मिठाचे पाणी साठवणाऱ्या कोंड्यांमधल्या वीतभर बांधावर जन्म काढलेले आजोबा आमच्या अंगणातही तसेच चालत. तेच बोलणे अर्ध्यावर सोडून आभाळाकडे पाहणे, तेच रुसल्यावर उपरणे झटकून उलट्या खांद्यावर टाकणे. परगावच्या प्रेक्षकांना त्यात नुसती गंमत दिसली असेल. इथे मात्र पेणकरपाड्याच्या कुणीतरी मोठ्याने म्हटले की, अरे हा तर आपला जोमा पाटील! आणि सगळा तंबू हसत सुटला.

वडील उठून गेले. दुसऱ्या दिवशी बांधावर एका गड्याने थट्टेत त्यांना व्याहीबुवांचे चिरंजीव म्हटले. वडिलांनी फावडे खाली ठेवले आणि दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले की, बाप मेला तेव्हा आला नाही, आणि आता त्याच बापाला तंबूत उभा करून दोन आण्यांना दाखवतोय. त्यांना मी इतके दुखावलेले कधी पाहिले नव्हते. आता आपल्या येण्याची गोष्ट काढणेच अशक्य झाले आहे.

काका, मला आपले काम फार आवडले, इतके की लुईझाचा हात मी लाल होईपर्यंत आवळला होता. पण वडिलांचा चेहरा पाहिल्यावर माझ्या आवडीचीच मला लाज वाटते आहे. आपण हे जाणूनबुजून केलेत का? माझ्या विचारण्यात उद्धटपणा नाही, कळवळा आहे, एवढे समजून घ्यावे.

आपली,
सुभद्रा

श्री

पुणे, ता. १४ मे १९४०

चि. सुभद्रेस काकाचे मनापासून आशीर्वाद.

होय, जाणूनबुजून केले. शिक्षकिणीला उत्तर सरळ द्यावे.

व्याही सापडत नव्हता तेव्हा मी मंडईत बसलो, लग्नांत न बोलावता जेवलो, पेठेतल्या म्हाताऱ्यांच्या मागून फिरलो. प्रत्येकाचे काहीतरी उचलले, पण घरी येऊन करून पाहावे तर अंगाला चिकटेना. एक दिवस दिग्दर्शक वैतागून म्हणाला की, मोठ्या माणसासारखे नुसते चालून दाखवा. मी विचार न करता चाललो आणि त्याने लगेच दिवे लावायला सांगितले. मी कोणासारखा चाललो ते माझ्या तेव्हा ध्यानात आले. मोठा माणूस म्हणून माझ्या अंगात एकच माणूस राहत होता. ज्याच्या दिवसांना मला जाता आले नाही तो माझ्याच पायांत सापडला, तेव्हा त्याला बाहेर हाकलणे माझ्याने झाले नाही. पुण्यात लोक हसत तेव्हा मला वाटे की, बघा बाबा, केवढी माणसे तुमच्यावर खूश आहेत. भाईंदरला तंबू लागतो आणि दादाही त्यात बसू शकतो, हा विचार मला शिवला नाही. नटाला प्रेक्षक दिसतात, शेजारी दिसत नाहीत.

आता पुढचे. माझ्याकडे एक काम आले आहे. एका आंधळ्या बापाचे. विनोदी नाही, आणि सगळे चित्र त्याच्यावरच उभे आहे. इतक्या वर्षांत माझे नाव पहिल्यांदाच चित्राच्या पहिल्या पाटीवर यायचे आहे. मी डोळे मिटून खोलीभर चालतो, तिवईवर आपटतो, नडग्या फुटल्या आहेत. दिग्दर्शक म्हणतो की, हा डोळे मिटलेला माणूस आहे, आंधळा नव्हे. मला ठाऊक आहे की मी हे काम बाबांच्या आधाराशिवाय करू शकणार नाही. आणि दादाच्या परवानगीशिवाय बाबांना पुन्हा हात लावणार नाही. तेव्हा जूनमध्ये नकार कळवतो आहे. नकार देणे अवघड जाईल, पण दादाचा तो दिवसभराचा अबोला मला त्याहून जड वाटतो.

दादाला हे पत्र दाखवायचे की नाही ते तू ठरव. आयेने चित्र पाहिले का? पाहिले असेल तर तिला राग आला का, एवढे मात्र नक्की कळव. तुझी माया पूर्वीइतकीच राहू दे. कमी झाली तर चष्म्याची शपथ.

तुझा,
काका

श्री

भाईंदर, ता. २९ मे १९४०

ती. गोवर्धनकाकांस, आजच्या आनंदात शब्दांची जुळणी बिघडलेल्या सुभद्रेचा सा. न. वि. वि.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी देण्याआधी आजीनेच ते तंबूत देऊन टाकले.

पहिल्यांदा ती आमच्याबरोबर आली नव्हती. या वयात तंबूत बसणे बरे दिसत नाही, असे तिचे मत. पण पुढे जो तो दारावरून जाताना आजोबांच्या चालीची गोष्ट काढू लागला, तेव्हा ती चिडली. म्हणाली की, साऱ्या गावानं माझा दादला बघितला, मीच तेवढी ऱ्हायले! वडिलांनी नाही म्हटले. तिने ऐकले नाही. तंबू उठण्याच्या आदल्या दिवशी मी आणि लुईझा तिला घेऊन गेलो. ती लुईझाला वाटेत बजावत होती की, पडद्यावरच्या बाया निर्लज्ज असल्या तर मला आधी सांग, मी डोळे मिटीन.

मांडवाचा प्रसंग आला. आपण पडद्यावर पाऊल ठेवलेत आणि आजी डोक्यावर पदर ओढून उभी राहिली. मला आधी वाटले, तिला बाहेर जायचे आहे. मागून बायका ओरडू लागल्या की, म्हातारे, बस खाली, दिसत नाही. आजी मागे वळून त्यांना म्हणाली की, ते उभे असताना मी बसू कशी? घरात आजोबा उभे असताना ती कधी बसली नव्हती, हे मला माहीत होते. पण असे काही होईल हे स्वप्नातही आले नव्हते. आपण चौरंगावर बसलात तेव्हा ती बसली. मग व्याही पंगतीवरून रुसून उठला, ती पुन्हा उठली. काका, त्या व्याह्याला आपण किती वेळा रुसवले आहे हो! प्रत्येक वेळी आजीची उठबस. पहिल्यांदा लोक तिलाच हसले. हळूहळू हसणे थांबले. लुईझाने मागच्या बायकांना दोन शब्द ऐकवले होते, पण लोक गप्प झाले ते तिच्या धाकाने नव्हे.

आजीला न्यायला वडील आले होते. ते दोरीपलीकडे केव्हा येऊन उभे राहिले, मला कळले नाही. आजीचे गुडघे थरथरताना पाहून ते दोरी ओलांडून बायकांत आले आणि तिच्या कोपराखाली हात दिला. पुढे चित्र संपेपर्यंत ती उठली की ते तिला उठवत होते, बसली की बसवत होते. त्यांना एकदाही कुणी पुरुषांत जाऊन बसा असे म्हटले नाही.

घरी आल्यावर आजी अंथरुणावर टेकली आणि मला म्हणाली की, गोवर्धनला लिही, त्याचे दंड किती वाळलेत, त्याला नीट खायला घालत न्हाईत. तंबूत तिने फक्त नवऱ्याला पाहिले असे मला वाटले होते. तिने मुलालाही पाहिले होते.

हे ऐकून वडील दाराशी थांबले. मग मला म्हणाले की, त्याची पत्रे येतात ती मला ठाऊक आहेत, टपालवाला माझ्या बांधावरूनच जातो. शेवटचे पत्र वाच. मी वाचले. आंधळ्या बापाच्या कामाचा मजकूर त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला. शेवटी आजोबांची दृष्टी गेली होती हे आपल्याला कुणीच कळवले नव्हते, हे मला तेव्हा उमगले. मी लिहिते म्हटले, पण त्यांनी माझ्या हातातली लेखणी घेतली आणि म्हणाले की, ते मी लिहिणार. त्यांचे पत्र सोबत आहे. शुद्धलेखन मी तपासलेले नाही, तपासणारही नाही.

जून येतो आहे, नकार कळवला नसेल तर थांबावे. आपल्या पायधुळीची वाट पाहणारी,

आपली,
सुभद्रा

श्री

भाईंदर, ता. २९ मे १९४०

चि. गोवर्धन जोमा पाटील यास काळूरामचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय न्हाय. जसं येतंय तसं लिहितो.

तुझ्यावर माझा राग हाय. तो गेला असं समजू नको. पण तुझं परत धाडलेलं पत्र फोडून वाचायला पायजे होतं, असं मला काल वाटलं.

तू दाखवलास तो बाबाच हाय. चाल बरोबर, उपरणं बरोबर. पण तो बाबा तू घर सोडलंस त्या सालचा. पुढं तो जगला ते तू बघितलं न्हाय. मिठावरच्या उन्हानं त्याची नजर गेली. आधी खाडीपलीकडचं दिसेना, मग बांध दिसेना, शेवटची दोन वर्सं काहीच न्हाय. तरी रोज मिठागरावर जायचा हट्ट.

तू डोळे मिटून चालतोस असं लिहिलंस. बाबा डोळे मिटत नव्हता. उघडे ठेवायचा, आणि मान वर करून वाऱ्याचा वास घ्यायचा. काठी घेतली न्हाय. काठी बांधात रुतते आणि बांध फुटतो म्हणायचा. मी पुढं आणि तो मागं. माझ्या खांद्यावर नुसती बोटं टेकवायचा, भार म्हणून द्यायचा न्हाय. मी वळायच्या आधी त्याला माझं वळणं कळायचं. आणि मी जरा भराभर चाललो की बोटं उचलून तिथंच उभा ऱ्हायचा, रुसून. मग मी मागं यायचो.

हे काम तू सोडू नको. पण अशानं तुला ते जमायचं न्हाय. ती चाल कागदावर येत न्हाय आणि एकट्याला करता येत न्हाय. पाऊस अजून लागला न्हाय, बांध कोरडे हायत. गाडी कुठली ते कळव, स्टेशनावर मी येतो. सकाळी बांधावर जाऊ. तू पुढं चाल, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून मागून येतो.

काळूराम